गाणं नको विचारूस, हातात काय होतं ते विचार

बाळ,

लहानपणीच्या उन्हाळ्यातल्या रेडिओच्या आठवणींवर तू जे एपिसोड करतेस, त्याची तिन्ही रेकॉर्डिंग काल रात्री गच्चीवर बसून ऐकली, हेडफोन लावून, दुसरं तर दोनदा ऐकलं. आवाज स्वच्छ आलाय, समोरचं माणूस बोलत असताना तू मधे तोंड घालत नाहीस हे तर फारच आवडलं, तुझ्या वयात मला ते जमत नव्हतं. पण एक गोष्ट खटकली आणि ती आत्ताच सांगतो, अजून तुझी बरीच माणसं बाकी आहेत तोवर. तू प्रत्येकाला पहिलाच प्रश्न टाकतेस की लहानपणी उन्हाळ्यात रेडिओवर ऐकलेलं तुमचं आवडतं गाणं कुठलं, आणि मग तिघंही तेच सांगतात, लता, रफी, किशोर, आणि काय ते दिवस होते. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी कळायचं नाही. यात त्यांची चूक नाही गं. आवडतं म्हटलं की माणूस निवडायला बसतो, आणि रेडिओवर आम्ही कधी काय निवडलंच नव्हतं की. गाणं यायचं तेव्हा यायचं, तुम्ही जे काही करत असाल त्याच्या मधेच यायचं, आणि त्या कामालाच चिकटून बसायचं. म्हणून गाणं नको विचारूस. त्या वेळी हातात काय होतं ते विचार.

तुझ्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमधल्या मावशी बघ, चौदाव्या मिनिटाला सहज बोलून गेल्या, "आम्ही मिरच्यांची देठं खुडत बसायचो तवा लागायचं ते." तू "हो का" म्हणालीस आणि पुढच्या प्रश्नाला गेलीस. तिथं थांबायचं होतं बाळ! कोल्हापुरात मिरच्यांची देठं खुडणं म्हणजे काय काम असतंय हे तुला माहीत नसंल, आता सगळे तयार चटणी आणतात. वर्षाची कांदा-लसूण चटणी घरात व्हायची, मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, पोत्यावर बसून देठं खुडायची, बोटांची आग आग व्हायची, डोळ्याला हात लागला तर संपलंच, मग कांदा, लसूण, खोबरं भाजायचं, आणि मग घमेली डोक्यावर घेऊन डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, रांगेत उभं राहायचं. या सगळ्यात रेडिओ उंबऱ्यावर ठेवलेला असायचा आणि मिरचीच्या हातानं त्याचं बटण फिरवायचं नाही म्हणून जे लागेल ते ऐकायचं. आमच्या आईनं किती नको असलेली गाणी अशी पाठ केली होती!

आणि एक सांगतो, हे मी आजवर कुठं लिहिलेलं बघितलं नाही. मे महिन्यात आम्हाला वळीव येणार हे आधी रेडिओवर कळायचं. सांगली केंद्र लावलेलं असायचं, आभाळ अजून बऱ्यापैकी निळं, आणि गाण्यात मधेच कडकड, कडकड सुरू व्हायचं. लांब कुठंतरी वीज चमकली की ती मिडियम वेव्हच्या रेडिओत येते, आजच्या एफएममध्ये तसं होत नाही. कडकड वाढली की आई खालनं ओरडायची, "गच्चीवर पळा रे, मिरच्या गोळा करा!" आणि आम्ही भावंडं जिन्यावरनं पळायचो, सांडगे, पापड, मिरच्या सगळं चादरीत गुंडाळून आत आणायचो, कधी वेळेत, कधी भिजलेलं. ते गाणं पूर्ण ऐकायला कोण थांबतंय. तर अशी अर्धीच आठवणारी गाणी असतील ती सोडू नकोस, का तुटलं ते विचार, तिथंच गोष्ट असते.

अर्ध्या गाण्यांचं माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल, कारण माझे मे महिने लक्ष्मीपुरीत मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथं एकही गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत नव्हतं. सेट उघडायचा, डायलचा काटा सरकवणारा दोरा सुटलेला असेल तर चाकांवरनं परत गुंडाळायचा (हे काम माझं, बोटं बारीक होती म्हणून), कईयानं, म्हणजे तापलेल्या डाग द्यायच्या सळईनं, टाके मारायचे, राळेचा वास सुटायचा, मग स्टेशन लावून बघायचं, दोन ओळी आल्या की बंद करून पुढचा सेट. सेट आडवा-उभा फिरवून बघायची सवय पण तिथंच लागली, आत फेराइटची कांडी असते, तीच मिडियम वेव्हची एरियल, ती स्टेशनकडं कशी धरली जाते त्यावर आवाज कमी-जास्त होतो. तुझ्या यादीतले म्हातारे लोक रेडिओबद्दल बोलताना हात असे तिरके करतात ना, ते हेच.

त्या दुकानात गंगावेशीतली एक आजी यायची. दर आठ-दहा दिवसांनी, पदराखाली रेडिओ, तक्रार एकच, घरघर करतोय. मामा मागचं झाकण काढायचा, सेलच्या स्प्रिंगवर पांढरट हिरवी पूड धरलेली असायची, ती पॉलिश पेपरनं घासायची, झालं. पैसे कधी घेतले नाहीत. आजीला हिंदी फारसं कळत नव्हतं पण संध्याकाळची विविध भारतीची जयमाला तिला चुकवायची नव्हती, जवानांची नावं आणि त्यांच्या फर्माईशी असायच्या त्यात, आणि तिचा लेक फौजेत होता. आपल्या भागात फौजेतली पोरं किती, शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. एकदा तिच्या लेकाचं नाव लागलं. नाव तेच, पण युनिट दुसरंच, म्हणजे माणूस दुसराच. दुसऱ्या दिवशी ती दुकानात शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली आणि म्हणाली, "माझा नसंना का, त्येच्या आईनं तरी ऐकलं असंल." त्या जवानानं कुठलं गाणं मागितलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. लाडवात गूळ जरा जास्त होता ते सांगता येईल.

आता सालांचं. माणसं सालं चुकवतात आणि अगदी ठामपणे चुकवतात, मी पण. मी पंचगंगेत पोहायला शिकलो तो 1987 चा मे असं मी वर्षानुवर्षं सांगत होतो, पाठीला डबा बांधून घाटावरनं ढकललेलं आणि वर चहाच्या गाड्यावर 'पापा कहते हैं' लागलेलं, इतकं लख्ख आठवतंय. मग एक दिवस सहज बघितलं, तर कयामत से कयामत तक थिएटरात लागला 29 एप्रिल 1988 ला. म्हणजे माझं एक वर्ष उडालं! पोहणं खरं, गाणं खरं, साल खोटं. तेव्हापासून मी गाण्याचं साल खुंटीसारखं वापरतो. पण सांभाळून, गाण्यावरनं फक्त एवढंच कळतं की आठवण त्याच्या आधीची नाही, नंतरची कितीही असू शकते, कारण रेडिओवर गाणी वर्षानुवर्षं लागत राहतात. 'ऐरणीच्या देवा तुला' 1965 च्या साधी माणसं मधलं, पण ते ऐकत मोठी झालेली 1980 ची पोरं पण तुला भेटतील. या गाण्यावर आपली माणसं हक्कानं बोलतात आणि बोलू दे, शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाल आनंदघन नावानं लताबाईंची, सिनेमा भालजी पेंढारकरांचा, सगळं इथल्याच मातीतलं.

ऐंशीच्या पुढची माणसं भेटली तर घाई करू नकोस. त्यांना 1955 ची रामनवमी विचार, 1 एप्रिलला पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं ते, गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल, आणि बाबूजी म्हणजे सुधीर फडके, जन्म आपल्या कोल्हापूरचा. वर्षभरात 56 गाणी झाली. आमची आजी सांगायची की रेडिओसमोर उदबत्ती लावून लोक बसायचे. आणि कुणी सारखं सिलोन सिलोन म्हणालं तर गोंधळू नकोस, 1952 नंतर आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली होती म्हणून लोक रेडिओ सिलोनकडं गेले, बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची गीतमाला, आणि ते बघूनच मग 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. हे तुला आधीच माहीत असलं की माणूस मोकळा होतो, त्याला सगळं पहिल्यापासून समजवावं लागत नाही.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. पंखा बंद करून रेकॉर्ड करतेस ते बरोबर, पण दुपारी दोनला सत्तरीच्या माणसाला बिनपंख्याचं बसवायचं नाही, सकाळी साताला जा, चहा पण मिळेल. गाणं त्यांनाच गुणगुणू दे, शब्द चुकले तरी दुरुस्त करू नकोस, चुकीचे शब्दच त्या घरातले असतात. मूळ गाणं पाठीमागं वाजवू नकोस, कंपन्यांचे हक्क असतात, एपिसोड उतरवावा लागेल आणि मावशींचा आवाज पण त्याच्याबरोबर जाईल. आणि त्या मावशींकडं परत जा. या आठवड्यातच जा, त्यांना खोकला होता रेकॉर्डिंगमध्ये, तब्येत पण विचार. जाताना पावशेर सुक्या मिरच्या घेऊन जा, दोघी मिळून देठं खुडा आणि फोन बाजूला रेकॉर्डिंगला लावून ठेव, प्रश्नच विचारू नकोस.

रविवारी इकडं ये. मामाच्या दुकानातला एक सेट माळ्यावर आहे, काढून पुसून ठेवतो, दोरा अजून मीच गुंडाळलेला आहे त्यात. फक्त येताना चार मोठे सेल घेऊन ये, आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आता बारीकच मिळतात.

तुझा,
काका