‘फी माफ आहे म्हणून’ घेतलेली नावं

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी गेल्या मे महिन्यात बायॉलॉजी घेऊन बी.एस. झाली. पहिली दोन वर्षं ती बायोमेडिकल इंजिनिअरिंगला होती, तिथे मार्क घसरले. एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.१, सायन्सचा त्याहून थोडा कमी. ऑगस्टमध्ये दिलेल्या एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, ५११ आहेत. येत्या जूनमध्ये २६ मेडिकल कॉलेजांना अर्ज करणार आहोत. यादी आणि ट्रान्स्क्रिप्ट (वर्षावार ग्रेडचा उतारा) सोबत पाठवते आहे. एनवायू, आइनस्टाइन, हॉपकिन्स ही फी माफ आहे म्हणून घेतली. डीओ (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी, ऑस्टिओपॅथीची) नको असं तिचे बाबा म्हणतात. यादी बरोबर आहे का?

उत्तर : ताई, यादी मी दोनदा वाचली आणि हातात पेन्सिल घेऊन अकरा नावं खोडली. पण त्याआधी ट्रान्स्क्रिप्टबद्दल बोलू, कारण यादी त्यातूनच निघायला हवी.

वर्षावार बघितलं तर तिचे आकडे असे : २.६, २.७, ३.४, ३.७. सरासरी ३.१. तुम्ही ३.१ बघून घाबरलात, मी मात्र शेवटच्या दोन आकड्यांवर थांबलो. ही मुलगी अभ्यासात कच्ची नाही, ती चुकीच्या वर्गात बसली होती. (इंजिनिअरिंगचा आग्रह कुणाचा होता ते मी विचारत नाही.) अडचण अशी की एएमकॅसच्या, म्हणजे एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या, हिशेबात जुनं काही पुसलं जात नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पहिला ‘सी’ आणि पुन्हा देऊन मिळवलेला ‘ए मायनस’, दोन्ही धरले जातात. डीओ कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली.

आता थोडं गणित. तिचे १२० क्रेडिट झालेत. पुढच्या वर्षभरात तिने ३० क्रेडिट केले आणि सगळीकडे ‘ए’ मिळवला, तरी एकूण जीपीए ३.२८ वरच जातो. एवढी मेहनत आणि हाती एवढंच, असं वाटेल. पण शेवटच्या ९० क्रेडिटची सरासरी ३.७ होते. फाईल वाचणारा माणूस आधी एकूण आकडा बघतो, मग वर्षं खाली सरकवत जातो. तिथे त्याला तीन वर्षं सलग चढण दिसली पाहिजे. आज दोनच दिसतात, आणि दोनवर पैज लावायला कॉलेजं कचरतात.

म्हणून माझं मत : या जूनमध्ये अर्ज करू नका, पुढच्या जूनमध्ये करा. मधल्या काळात चार वर्षांच्या कॉलेजात पोस्ट-बॅक (पदवीनंतरचे जादा विषय) म्हणून बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्ससारखे वरच्या पातळीचे विषय घ्यावेत. ते अंडरग्रॅज्युएट जीपीएत मोजले जातात. एसएमपी (स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम) नावाचे मास्टर्स कोर्स असतात, जॉर्जटाउनचा त्यातला जुना. तिथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास करून दाखवायचा असतो. पण त्याचा जीपीए वेगळा राहतो, खर्च मोठा, आणि तिथे ‘बी मायनस’ पडला तर दुसरी संधी मागायला तोंड उरत नाही. ती वाट मी शेवटची ठेवतो.

वर्ष वाया जाईल ही भीती सोडा. इथे मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त मुलं पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेली असतात. एमकॅटचा स्कोर बहुतेक कॉलेजं दोन ते तीन वर्षं धरतात, तेवढं प्रत्येक नावापुढे तपासून लिहा. अपुऱ्या तयारीने अर्ज केला तर पुढच्या वेळी ‘आधी नाकारलेली’ म्हणून जावं लागतं आणि काही कॉलेजं जुना अर्ज शेजारी ठेवून वाचतात. मागे एका मुलाने माझं न ऐकता ३४ अर्ज केले. जुलैत सेकंडरी निबंधांचा (मूळ अर्जानंतर प्रत्येक कॉलेज वेगळे मागतं ते) पूर आला, सप्टेंबर उजाडला तरी निम्मे लिहून व्हायचे होते. अर्ज येतील तसे वाचले जातात, उशिरा पोचलेल्याच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात. त्याला मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही.

आता खोडलेली नावं. फी माफ झाली की गर्दी वाढते, हे साधं आहे. एनवायूने २०१८ मध्ये सगळ्यांची ट्यूशन माफ केली, आइनस्टाइनने २०२४ मध्ये. हॉपकिन्सची माफी तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. एनवायूमध्ये शिरणाऱ्यांचा एमकॅट मीडियन ५२० च्या वर असतो. फुकट जेवणाच्या पंगतीत सगळ्यात लांब रांग असते ताई.

दुसरा गट परराज्यातल्या सरकारी कॉलेजांचा. टेक्सासची सरकारी कॉलेजं किमान ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांना देतात, आणि त्यांचा अर्जही एएमकॅसमधून होत नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं ब्रोडी फक्त त्या राज्यातल्या मुलांना घेतं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहोची मुलं हवी असतात. तिथे पाठवलेले पैसे म्हणजे देणगी, पावतीही न मिळणारी.

उलट तुमच्या दाराशी असलेली नावं यादीत खाली कुठेतरी आहेत, आणि दोन तर नाहीतच! नेवार्क आणि न्यू ब्रन्सविकची रटगर्सची कॉलेजं, कॅमडेनचं कूपर, नटलीचं हॅकेनसॅक मेरिडियन. ही सगळ्यात वर लिहा. त्यानंतर फिलाडेल्फियाची टेंपल, ड्रेक्सेल, जेफरसन. इथे हजारोंनी अर्ज येतात, पण तुमच्या भागातली मुलं घेतलीही जातात. व्हरमाँट हे छोटं राज्य, तिथल्या वर्गात बाहेरची मुलं जास्त असतात, म्हणून ते ठेवलं. बाकीच्यांसाठी एमएसएआर (मेडिकल कॉलेजांच्या प्रवेशाची आकडेवारी) विकत घ्या आणि प्रत्येक कॉलेजचे दोनच रकाने बघा : जीपीएचा १० वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली फक्त दहा टक्के मुलं असतात तो आकडा) किती, आणि परराज्यातल्या किती जणांना मुलाखतीला बोलावलं. मीडियनपाशी अडकून बसू नका. १० वा पर्सेंटाइल ३.६ असेल, तर ते नाव कितीही आवडतं असलं तरी खोडायचं.

आता तिच्या बाबांशी दोन शब्द. डीओ म्हणजे हाडवैद्य नव्हे. २०२० पासून एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सीचं (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाचं) ॲक्रेडिटेशन एकच झालं आहे, पन्नासही राज्यांत डीओ औषधं लिहितात आणि शस्त्रक्रिया करतात. डर्मटॉलॉजी, न्यूरोसर्जरीसारख्या ठिकाणी त्यांना अजून चढण जास्त आहे आणि बरेच जण कॉमलेक्स या डीओंच्या लायसन्स परीक्षेबरोबर एमडींची यूएसएमएलईही देतात, हे खरं. पण डीओला प्रवेश घेणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास आणि एमकॅट ५०४ च्या जवळ असतो. एमडीकडे हेच ३.८ आणि ५१२ च्या जवळ जातं. तिचे ५११ तिथे ठळक दिसतील. रोवन-वर्चुआ तुमच्याच राज्यात आहे, शिवाय फिलाडेल्फियाचं पीकॉम, न्यूयॉर्कचं टूरो आणि लाँग आयलंडचं एनवायआयटी. तिने एखाद्या डीओ डॉक्टरबरोबर काही दिवस शॅडोइंग करून (सोबत राहून काम बघून) त्यांचं शिफारसपत्र घ्यावं.

कॅरिबियनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तिथून येणाऱ्यांसह परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी साधारण ६७ टक्के मॅच होतात, म्हणजे त्यांना रेसिडेन्सीची जागा मिळते, इथल्या एमडी-डीओंपैकी ९० हून जास्त. शिवाय जे वाटेतच गळाले ते त्या ६७ च्या हिशेबात येतच नाहीत. एवढा एक आकडा मला पुरतो.

पैशांचं एक. जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचं कर्ज बंद. मेडिकलला केंद्राचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. खासगी कॉलेजांची नावं लिहिताना घरी बसून ही बेरीज करा.

१४-१५ एमडी आणि ८-१० डीओ, एवढी यादी पुरे. स्प्रिंगचे ग्रेड आले की पुन्हा पाठवा. त्यात एनवायूचं नाव राहिलंच तर मी काही म्हणणार नाही, बाबांचा शौक समजेन.