नायट्रोजन लावला तरी बियर सपाटच

प्रश्न: नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो, इथे घरी बियर करायला परवानगी आहे म्हणून थंडीत हा उद्योग चालतो. यंदा १९ लिटरच्या केगमध्ये (बियरच्या पिंपात) स्टाउट म्हणजे काळी बियर केली, गिनेस या आयरिश स्टाउटसारखा दाट फेस हवा म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) न लावता सरळ नायट्रोजन लावला, ३० पीएसआय दाबावर दहा दिवस ठेवली आणि तरी ग्लासात येते ती गॅस गेलेल्या सोड्यासारखी. बायको म्हणते व्हिप्ड क्रीमच्या नायट्रस (नायट्रस ऑक्साइड गॅसच्या) कॅप्सूल वापरून बघ. काय करू?

उत्तर: अहो, नायट्रोजन बियरमध्ये विरघळतच नाही फारसा, सीओटूच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकाही नाही, त्यामुळे दहा दिवस ठेवा नाहीतर महिनाभर, फसफस काही येत नाही. गोटी सोडा प्यायल्यावर जिभेला जे टोचतं ना, तो सीओटूच, पाण्यात त्याचं कार्बोनिक ॲसिड होतं. गिनेसने १९५९ मध्ये नायट्रोजनवाली ड्राफ्ट स्टाउट आणली तीसुद्धा मिश्र गॅसवर, आणि हल्ली पबमध्ये साधारण ७५ टक्के नायट्रोजन नि २५ टक्के सीओटू असतो. शिवाय नळात बारीक भोकांची चकती असते, तिच्यातून बियर जोरात घुसते तेव्हा तो रवीने घुसळल्यासारखा फेस येतो. ती चकती नसेल तर मिश्र गॅसचाही फार उपयोग नाही.

तर आतला नायट्रोजन सोडून द्या, सीओटूने नेहमीच्या निम्मी फसफस आणा, मग मिश्र गॅस ३०-३५ पीएसआयला. आणि हो, रेग्युलेटर सिलिंडरप्रमाणेच घ्या, नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरात दाब सीओटूच्या दुपटीहून जास्त असतो, तिथे जुगाड नको.

वहिनींची आयडिया चुकीची नाही, नायट्रस जवळपास सीओटूइतकाच विरघळतो, पण ॲसिड होत नाही म्हणून चव गोडसर आणि मवाळ लागते. हिशोब मात्र बघा, नेहमीच्या फसफशीला बियरच्या अडीच पट गॅस लागतो म्हणजे १९ लिटरला ४७ लिटर, ८ ग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून निघतो चार-साडेचार लिटर, म्हणजे अकरा-बारा कॅप्सूल एका केगला, मला तरी परवडणार नाही.

तो चकतीवाला नळ हाती येईपर्यंत एक करा, केगला थोडा सीओटू लावून ग्लास भरा, बिनसुईच्या स्वच्छ सिरिंजमध्ये थोडी बियर ओढा आणि त्याच ग्लासात जोरात मारा, बारीक बुडबुड्यांचा ढग खाली जाताना दिसेल आणि मिनिटभरात वर बोटभर साय धरेल.