उन्हाळ्यात शाळेच्या स्टाफसमोर पाच मिनिटं काय बोलावं?

ख्रिस्ती शाळेत सकाळी स्टाफची छोटी प्रार्थना होते, या आठवड्यात मनन तुमच्याकडे आलंय, उकाड्याने सगळे कावलेत आणि धीर देणारं वचन सुचत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं शिकवलंय, आणि हेच काम एकदा फार वाईट केलंय.

तेव्हा मी ‘सहनशीलता’ हा विषय घेतला होता. पाचाची पंधरा मिनिटं झाली, सगळे उभेच. मागच्या रांगेत सफाईचं काम करणाऱ्या बाई भिंतीला दोन्ही तळवे लावून उभ्या होत्या. मला वाटलं, तल्लीन झाल्यात. त्यांना चक्कर येत होती आणि भिंत तेवढी गार होती, हे नंतर कळलं. तेव्हापासून सहनशीलतेवर बोलायचं मी सोडलं. ती त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होती.

माझं ऐकाल तर बायबलमधला 1 राजे 19 हा अध्याय घ्या. एलीया हा संदेष्टा जीव वाचवून रानात पळालाय, एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय. देवदूत काय करतो? उपदेश नाही, झाडाझडती नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि चक्क पुन्हा झोपतो! त्यावरही कोणी रागावत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. आधी पाणी, भाकर, झोप. हा क्रम मोठ्याने वाचून दाखवलात तरी निम्मं मनन झालं.

जोडीला योहान 4. भर दुपारी येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसलाय आणि एका अनोळखी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. ‘दोन मिनिटं माझा वर्ग बघता का, मी पाणी पिऊन येतो’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून निघत नाही. त्यांना हा प्रसंग सांगाच.

यिर्मया 17:8 मधलं पाण्याकाठचं झाड बहुतेक जण घेतात. छानच आहे, पण नीट वाचा: त्या झाडावरचं ऊन टळत नाही, मुळं ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात, इतकंच. ‘विश्वास असेल तर ऊन बाधणार नाही’ असं त्यातून काढू नका. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटके बसण्याइतकं तापलं, तर सावलीत न्या, कपडे सैल करून अंग ओलं करा, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांची मदत बोलवा. प्रार्थना ते करता करताही होते.

मत्तय 20 मधलं ‘दिवसभराचं ऊन सोसलं’ हे वाक्य मात्र कौतुक म्हणून वापरू नका. ती द्राक्षमळ्यातल्या मजुरांची कुरकुर आहे, आणि स्टाफमधलं कोणीतरी ते ओळखेलच. (कुरकुरीला जागा हवीच असेल तर योना 4 आहे. डोक्यावरची सावली गेली, ऊन लागलं आणि संदेष्टा देवाशीच भांडला. आमच्याकडे यावर लोक खळखळून हसले होते.)

‘स्टाफ’ म्हणताना शिपाई, पहारेकरी, बसचे चालक आणि मदतनीस धरा. वर्गात निदान छप्पर असतं, फाटकावर तेही नसतं. शेवटची प्रार्थना त्यांच्यापैकी कोणाला करायची आहे का, आदल्या दिवशी विचारून ठेवा.

सगळ्यांना आधी बसवा. आणि पंख्याचं तोंड तुमच्याकडे असेल तर बोलायला लागण्यापूर्वी ते त्यांच्याकडे फिरवा.