ती काही अनोळखी नव्हती

“मॅडम, पोरगी झोपली की मी रोज तिचा फोन बघते. आठ दिवसांपूर्वी तिनं लॉक बदललं. म्हणजे काहीतरी लपवतेच आहे ना? आता कसा बघू?”

फोन-इंटरनेट जपून कसं वापरायचं यावर मी शाळांमधून व्याख्यानं देते. पालकांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, शब्द फक्त इकडचे तिकडे. या आईला मी काय उत्तर दिलं ते पुढे येईलच, पण आधी लेकीनं लॉक का बदललं ते सांगते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि दोघींना विचारूनच लिहिते आहे.)

मुलगी नववीतली, तालुक्याच्या गावच्या शाळेतली. पहिल्या भेटीत वीस मिनिटं दप्तराची चेन वर-खाली करत बसली. मी फोनचा विषयच काढला नाही. परीक्षा कशी गेली एवढंच विचारलं आणि सगळं तिथूनच निघालं. सहामाहीच्या आधी आईनं फोन काढून घेतला होता. स्नॅपचॅटवर वर्गातल्या मुलींबरोबर तिच्या स्ट्रीक चालू होत्या, एक तर दोनशे दिवसांच्या वर गेलेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: दोघींनी रोज एकमेकींना एखादा फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचा, नावापुढे ज्योत दिसते आणि आकडा वाढत जातो. एक दिवस चुकला की संपलं. आपल्याला पोरखेळ वाटतो. पण माझी आजी चातुर्मासातला नेम मोडू नये म्हणून आजारपणात शेजारच्या काकूंकडून देवापाशी दिवा लावून घ्यायची, तेच मला आठवलं. या मुलीनंही नेम मोडू नये म्हणून जिवाभावाच्या मैत्रिणीला पासवर्ड दिला. “माझ्या वतीनं तू रोज पाठवत जा.”

परीक्षा संपली. सहलीच्या बसमध्ये कुणी कुणाशेजारी बसायचं यावरून दोघींचं फिसकटलं. त्या रात्री हिच्या खात्यावरून वर्गातल्या एका मुलाला दोन ओळी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट अख्ख्या वर्गात फिरला. खातं हिचं, नाव हिचं. “मी नाही पाठवलं” यावर विश्वास कोण ठेवणार?

मग तिनं काय केलं, तर फोनचं लॉक बदललं. आईला कळू नये म्हणून. खात्याचा पासवर्ड होता तसाच, मैत्रिणीकडे. पुढचं दार आईसाठी बंद आणि मागचं मैत्रिणीसाठी सताड उघडं.

“तुम्ही जुलैत शाळेत आला होतात ना, मी दुसऱ्या बाकावर होते,” ती म्हणाली. “तुम्ही अनोळखी माणसांबद्दल सांगितलंत. ती काही अनोळखी नव्हती.”

हे मला लागलं. वर्षानुवर्षं मी तेच व्याख्यान देत आले होते: अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेऊ नका, फोटो पाठवू नका, ओटीपी सांगू नका. त्यातलं काही चूक नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीला पासवर्ड मागणारी व्यक्ती बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरच बसलेली असते, आणि ती प्रेमानं मागते.

आम्ही दोघींनी फोन समोर ठेवून काम केलं. आधी त्या संदेशाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे काढून ठेवले. मुलं घाबरून पहिल्यांदा सगळं पुसून टाकतात आणि पुरावाच जातो. मग पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या फोनवरून खातं बाहेर काढलं, दोन टप्प्यांची पडताळणी लावली, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड लागतो. जुना पासवर्ड काय होता? तिचं नाव, पुढे जन्मसाल. इन्स्टाग्रामचाही तोच.

दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीनं वापरून त्याच्या नावानं वावरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-सी कलमाखाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी तिला आणि पुढे तिच्या मैत्रिणीलाही सांगितलं. तक्रार मात्र केली नाही. मैत्रीणही चौदाचीच, आणि वर्गशिक्षिकेसमोर तिनं कबूल केलं. खासगी फोटो किंवा धमकीचं प्रकरण असतं तर मी एक दिवसही थांबले नसते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. अठराच्या आतल्यांचे असे फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सोयही आहे. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोटोचा आकड्या-अक्षरांचा ठसा आपल्याच फोनवर तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि या सोयीत सहभागी असलेल्या कंपन्या त्यावरून फोटो ओळखून काढतात. हे मी आता शाळेत आवर्जून सांगते, कारण “परत कुणाला तरी दाखवावा लागेल” या भीतीनंच मुलं गप्प बसतात.

पण ही गप्प का बसली होती? हे सगळं आईला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. बराच वेळ चेन वर, चेन खाली.

“आईला सांगितलं की मावश्यांच्या ग्रुपवर जातं.”

सातवीत तिला पाळी आली, ती बातमी संध्याकाळपर्यंत तीन मावश्या, एक मामी आणि आजीला पोचली होती. मामीचा व्हॉइस मेसेज तर जेवताना स्पीकरवर वाजला. मामाही तिथेच जेवत होता.

पुढच्या भेटीत आई एकटी आली. मी त्यांना त्यांचंच व्हॉट्सअॅप उघडायला सांगितलं. स्टेटसला लेकीचा शाळेच्या गणवेशातला फोटो, खिशावर शाळेचं नाव. वाढदिवसाची संपूर्ण तारीख. शिष्यवृत्तीच्या फॉर्मबरोबर वर्गाच्या ग्रुपवरच टाकलेला आधार कार्डाचा फोटो. आपल्याकडे 2023 साली माहिती संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीनं पालकांची परवानगी घ्यावी असं आहे. मुलाची परवानगी पालकांनी घ्यावी असं कुठल्या कायद्यात नाही, ते घरातच ठरवावं लागतं.

त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. म्हणाल्या, “मी तर कौतुकानं टाकते हो.” खरंच होतं ते. रात्री फोन बघतात तोही काळजीनं. पण त्या घरात मुलगी काय शिकली? ज्याचा आपल्यावर जीव आहे त्याला आपलं सगळं उघडं असतं. मग मैत्रिणीनं पासवर्ड मागितला तेव्हा नाही म्हणायचं हे ती शिकणार कुठून?

तर “फोन बघू का?” याचं माझं उत्तर: चोरून नको. नऊ-दहा वर्षांच्या मुलाबरोबर बसून बघा, सेटिंग मिळून लावा. चौदाव्या वर्षी काय बघणार आणि काय नाही ते आधी बोलून ठरवा. आणि चोरून बघताना काही सापडलंच, तर “मी बघितलं” हे आधी कबूल केल्याशिवाय त्यावर बोलूच शकत नाही, ही पंचाईत निराळीच.

या दोघींनी माझ्यासमोर ठरवलं. रात्री दहानंतर दोघींचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. हो, आईचाही. लेकीचं काहीही स्टेटसला टाकण्याआधी तिला विचारायचं. आणि सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून, जोडावर लेकीची सही. पाकीट आईच्या कपाटात, साड्यांखाली. ती घरी आली नाही, फोन लागत नाही, अशा वेळीच ते फोडायचं.

शाळेतलं व्याख्यान मी बदललं. आता सुरुवातीला बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेते: तुझा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? बेस्टी, दादा, ट्यूशनची मैत्रीण, ‘ब्रेकअप झालेला’. एका चिठ्ठीत होतं: “आजोबांच्या फोनपेचा पिन मला माहीत आहे, त्यांना नाही.” वर्ग हसतो, आणि मग बोलायला लागतो.

दोन महिन्यांनी आई बाजारात भेटल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, “पाकीट तसंच आहे, मॅडम. फक्त दिवसातून एकदा कपाट उघडून साडी वर करून बघते. हात लावत नाही.”