टाकीखाली अडकलेला टेम्परेचर सेन्सर घरी बदलता येईल का?

तुमची बाईक २०० सीसीची, लिक्विड कूल्ड, चार वर्षं जुनी. चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा लगेच घरघरायला लागतो, चेक इंजिनचा दिवा विझत नाही आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. गॅरेजवाला म्हणतो की टेम्परेचर सेन्सर गेलाय आणि टाकी उतरवावी लागेल म्हणून मजुरी जास्त. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तुम्हाला स्वतः जमेल का, हा प्रश्न.

जमेल. फक्त सेन्सर आधी विकत घेऊ नका.

माझ्या बाईकला हाच आजार होता. जुलैमध्ये मुंबईतल्या हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून बाईक काढली, त्यानंतर आठवड्याभरात दिवा लागला. एका गॅरेजने सेन्सर बदलून दिला, मी पैसे दिले, आणि नवव्या दिवशी दिवा परत. तेव्हा मी स्वतः टाकी उतरवली. सेन्सरचा कपलर, म्हणजे त्याला वायर जोडणारा प्लास्टिकचा प्लग, उघडला तर दोन पिनांपैकी एकीवर हिरवा थर, आणि तिच्या मागची वायर इन्सुलेशनच्या आत काळी पडलेली. नखाने जरा ओढली तर तुटून हातात आली. नवा सेन्सर बिचारा ठणठणीत होता. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा, त्यामुळे मुंबईच्या बाईकवर सेन्सरवर शंका घेण्याआधी कपलरवर घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध (रेझिस्टन्स) बदलणारा एक छोटा तुकडा, पितळी खोळीत बसवलेला. थंड असला की रोध जास्त, तापला की कमी. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्ट देतो आणि परत किती व्होल्टेज दिसतं त्यावरून इंजिन किती तापलंय ते ओळखतो. वायर तुटली किंवा कपलर सुटला की रोध अनंत, म्हणजे ईसीयूला वाटतं इंजिन उणे ४० अंशांवर आहे. असा अशक्य आकडा दिसला की तो त्यावर विश्वास ठेवत नाही. इंजिन जळू नये म्हणून पंखा कायम चालू ठेवतो आणि पेट्रोल अंदाजाने सोडतो. तुमचा पंखा आणि सकाळचा त्रास, दोन्ही इथूनच येतात.

म्हणून पहिली तपासणी काहीही न उघडता. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस६ या प्रदूषण नियमाच्या बऱ्याच बाईकना सीटखाली लाल रंगाचा सहा पिनांचा कपलर असतो. त्याला बसणारी अ‍ॅडॉप्टर केबल आणि ईसीयूमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून पाच मिनिटं मागून आणा. रात्रभर उभ्या असलेल्या बाईकवर सकाळी चावी ऑन करून कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान वाचा. आपल्याकडे ते २७-३० च्या आसपास दिसायला हवं. उणे ४० दिसलं, किंवा पी ०११८ हा कोड आला, तर सर्किट कुठेतरी तुटलंय. पी ०११७ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. हे कोड सर्किटबद्दल बोलतात, सेन्सरबद्दल नाही. गॅरेजमध्ये चूक होते ती इथेच.

दुसरी तपासणी मल्टिमीटरने, कपलरपर्यंत हात पोहोचल्यावर. टाकी कशी उतरवायची ते पुढे सांगतो. नसेल तर लॅमिंग्टन रोडवर साधा मीटर मिळतो, यासाठी महागडा लागत नाही. कपलर काढून चावी ऑन करा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज बघा. ५ च्या आसपास आलं तर ईसीयूपासून इथपर्यंतची वायर बरी आहे. काहीच आलं नाही तर सेन्सर बदलून उपयोग नाही, वायर शोधा. मग सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजा. बऱ्याच बाईकच्या सेन्सरला ३० अंशांवर दीड ते दोन हजार ओहम येतात आणि ८० अंशांवर तीनशेच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. थंड इंजिनावर एकदा मोजा, कपलर परत लावून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, मग पुन्हा मोजा. आकडा सरळ खाली यायला हवा. जागचा हलला नाही किंवा अनंत दाखवला, तरच सेन्सर खरोखर गेला.

माझा सेन्सर तीन वर्षांनी खरोखर गेला. तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण त्यात मी एक चूक केली.

टाकी न उतरवता हात घालून काम उरकावं असं मला वाटलं. फ्रेम आणि थ्रॉटल बॉडीच्या मधल्या फटीतून दोन बोटं जात होती. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून कपलरचं लॉक चाचपलं, दाबलं, ओढलं. इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिक कट्कन तुटलं. लॉक नसलेला कपलर खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन दिवस टिकत नाही, म्हणून मला नवा कपलर वायरसकट जोडावा लागला. टाकी उतरवायला पाऊण तास लागला असता, तो वाचवायला गेलो आणि अख्खा रविवार गेला. सेन्सर फिरवून काढणं दोन मिनिटांचं काम आहे. बाकीचं सगळं काम त्याच्यापर्यंतची वाट मोकळी करण्याचं आहे, आणि त्यात घाई करू नका.

टाकी जमेल तितकी रिकामी असताना काम काढा. १२ लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ ९ किलो वजन, एकट्याने उचलताना तेवढं नको. फ्युएल इंजेक्शनच्या पाइपात इंजिन बंद केल्यावरही प्रेशर उरतं. म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून बाईक स्टार्ट करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. त्यानंतरच पाइप काढा, आणि काढताना खाली फडकं धरा, थोडं पेट्रोल येतंच. जागा हवेशीर हवी. आमच्या पार्किंगमध्ये वॉचमन काकांना आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी विडी पेटवून शेजारी येऊन उभं राहत नाही.

प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो. स्क्रू ठेवायला मी आईचं जुनं इडलीपात्र घेतो. एका खळग्यात सीटचे, पुढच्यात साइड पॅनलचे, त्यापुढे टाकीचे, क्रमाने. परत लावताना उलट्या क्रमाने रिकामं करत यायचं. कपलरवरचा चिखल आधी ब्रशने आणि हवेने काढा, लॉकच्या फटीत तो घट्ट बसलेला असतो. मग कपलर आधी किंचित आत ढकला, त्याने लॉकवरचा ताण सुटतो. आता लॉक दाबा आणि कपलरच्या अंगाला धरून ओढा, वायरला नाही.

सेन्सरला बहुतेक १७ किंवा १९ ची लांब गोटी (सॉकेट) लागते, सोबत एक्स्टेंशन आणि रॅचेट. नागदेवी स्ट्रीटला हे सगळं सुटं मिळतं. गोटीला सुतळी बांधून ठेवा, इंजिनाच्या खोबणीत पडलेली गोटी काढणं फार त्रासाचं. आजूबाजूच्या उघड्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबा. जुना सेन्सर सुटत नसेल तर भेदक तेल (जाम झालेले आटे सोडवणारं) मारून चहा पिऊन या. सेन्सर बसतो ते इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथले आटे गेले तर काम हाताबाहेर जातं. तेल मुरल्यावरही हलला नाही तर खरंच थांबा आणि गॅरेजला न्या, त्यात कमीपणा नाही.

कूलंट सगळा उपसायची गरज नाही. रेडिएटरचं झाकण बंदच ठेवा, म्हणजे तो भसाभसा वाहत नाही. नवा सेन्सर नव्या वायसरसकट हाताशी तयार ठेवा, जुना निघाला की लगेच नवा बोटाने सुरू करा. पहिले तीन-चार आटे पान्याशिवाय, नुसत्या बोटाने जायला हवेत. अडला तर तिरका बसतोय, मागे घ्या. शेवटी आवळायचा कस (टॉर्क) साधारण १० ते १५ न्यूटन मीटर असतो, मॅन्युअलमधला आकडा खरा. हाताला अंदाज हवा असेल तर २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सहा किलो वजन टांगल्याइतका. म्हणजे वाटतो त्यापेक्षा बराच कमी. टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे कूलंटमध्ये फिरतात. कपलरच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र लावाच, पावसाळ्यासाठी.

टाकी नीट बसवण्याआधी पाइप, कपलर, पंपाचा फ्यूज आणि बॅटरीची निगेटिव्ह जोडून एकदा स्टार्ट करून बघा, म्हणजे काही राहिलं असेल तर परत सगळं उघडायला नको. थंड इंजिनावर रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण उघडं ठेवून थोडा वेळ चालवा, होज पाइप हलके दाबत राहा. बुडबुडे थांबले की पुन्हा भरून झाकण लावा. मग बाईक उभी ठेवून तापू द्या. पंखा आता शंभर अंशांच्या आसपास सुरू होईल आणि थोड्या वेळाने आपला आपण बंद होईल. तो बंद झालेला ऐकू आला की समजा काम झालं. दिवा काही फेऱ्यांनंतर विझतो, स्कॅनरने कोड पुसला तर लगेच.

एक कळकळीची विनंती. सांडलेला कूलंट तसाच सोडू नका. तो चवीला गोड असतो आणि विषारी, कंपाउंडमधली मांजरं-कुत्री चाटतात आणि त्यांची किडनी जाते. फडक्याने टिपून जागा भरपूर पाण्याने धुवा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

बाईक वॉरंटीत असेल तर यातलं काही न करता सर्व्हिस सेंटरलाच द्या. नसेल तर मॉडेल आणि स्कॅनरवर आलेला कोड इथे लिहा. काही बाईकवर टाकी पूर्ण न काढता मागून उचलून टेकू दिला तरी हात पोहोचतो, तुमची त्यातली आहे का ते बघून सांगतो.