भाऊबंदकी की वैर?

सोलापुरातल्याच एका पालकांचा प्रश्न आहे. मुलीनं निबंधात लिहिलं, 'दोन्ही कोरियांची भाऊबंदकी अजून मिटलेली नाही.' शिक्षकांनी शब्द खोडून वर 'वैर' लिहिलं. पालक विचारतात, भाऊबंदकी म्हणजे मुळात भाऊपणाच ना? मग दोघांचंही चुकलं का?

मुलीचं चुकलेलं नाही. शब्दाच्या घडणीपुरतं पालकांचंही बरोबर: माणूस-माणुसकी, तसं भाऊबंद-भाऊबंदकी. पण पाटीलकीत जसा रुबाब आला, तसं या शब्दात भांडण मुरलं. 'त्यांच्यात भाऊबंदकी आहे' म्हटलं तर कुणी ते कौतुक समजत नाही.

वैर कुणाशीही धरता येतं. भाऊबंदकीला आधी एक घर लागतं. आमच्या मोहोळकडच्या वाड्यात सोप्याच्या मधोमध भिंत आहे, तुळईखालून गेलेली. तुळई अजून एकच. दोन्हीकडच्या देवघरात तोच खंडोबा आणि दोन्हीकडे थोरली पाती आपलीच. नाव कुणी घेत नाही, 'पलीकडले' म्हणायचं.

कोरियात हेच झालंय. १९४५ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशियानं ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढली, १९४८ मध्ये दोन राज्यं झाली, एक साम्यवादी, एक भांडवलशाही. मग दोघांत जुंपलेली लढाई १९५३ मध्ये थांबली ती शस्त्रसंधीवर. तह झालाच नाही. भाषा एक, लिपी एक, पण दक्षिणेत तिला हानगुल म्हणतात, उत्तरेत चोसॉनगुल. देशाच्या नावाची तर गंमतच. दक्षिण स्वतःला हानगुक म्हणवते, उत्तर चोसॉन. मग दक्षिणेच्या तोंडी उत्तर म्हणजे 'बुखान', उत्तरेकडला हान. आणि उत्तरेच्या तोंडी दक्षिण म्हणजे 'नामजोसॉन', दक्षिणेकडला चोसॉन. म्हणजे वाडा आमचाच, तुम्ही नुसते पलीकडच्या खणात राहता. हे 'वैर' या शब्दात मावत नाही.

एक मात्र आहे. डिसेंबर २०२३ मध्ये किम जोंग उन यांनी जाहीर केलं, की आता हे रक्ताचं नातं नव्हे, दोन शत्रुराष्ट्रांचं आहे. आणि त्याच सुमारास उत्तरेनं 'नामजोसॉन' सोडून दक्षिणेला तिच्या स्वतःच्या नावानं, हानगुक म्हणून, बोलवायला घेतलं. पलीकडल्यांचं नाव घेतलं, ते नातं तोडताना! मुलीनं अगदी आजची गोष्ट लिहिली असेल, तर शिक्षकांनाही अर्धा गुण द्यायला हवा.