विशेषणे गाळली तरी बातमी निःपक्ष होत नाही

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. जिल्हा आवृत्तीत आलेली एका गृहप्रकल्पाची बातमी पैसे घेऊन छापली असावी असा संशय आला, तर तो कसा तपासावा, हा पहिला; आणि ‘भव्य’, ‘अत्याधुनिक’, ‘दिमाखदार’ अशी विशेषणे मोजून बातमीचा कल ठरवता येईल का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यातच पहिल्याचे बरेचसे उत्तर आहे. एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की विशेषण हा सर्वांत सहज दिसणारा आणि म्हणूनच सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. भडक विशेषणे कोणताही उपसंपादक हातासरशी काढून टाकतो. ती काढल्यावर जे उरते, ते वाचायला हवे.

उदाहरणासाठी मीच रचलेला हा मजकूर पाहा: ‘शहरालगत साकारत असलेल्या गृहप्रकल्पाला ग्राहकांचा उदंड प्रतिसाद मिळत असून बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्याची माहिती संचालकांनी दिली. नियोजित रिंग रोडमुळे या परिसराचे महत्त्व वाढणार असल्याचेही त्यांनी सांगितले.’ यातून ‘उदंड’ काढा. आता एकही खटकणारा शब्द नाही, प्रत्येक विधान कोणाच्या तरी तोंडी आहे आणि तरीही ही जाहिरातच आहे. बहुसंख्य म्हणजे किती आणि एकूण सदनिका किती, हे विचारलेले नाही. नोंदणी म्हणजे टोकन रक्कम की नोंदणीकृत करारनामा, हे सांगितलेले नाही. रिंग रोड नियोजित आहे म्हणजे केवळ आराखड्यात आहे की भूसंपादन सुरू झाले आहे, हे कोणत्याही कार्यालयाकडून जाणून घेतलेले नाही. संपूर्ण मजकुरात बोलणारा माणूस एकच, आणि तो विकणारा. वार्ताहराने स्वतः विचारलेला एकही प्रश्न बातमीत सापडत नसेल, तर ती बातमी दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेली असण्याची शक्यता मोठी असते.

गृहप्रकल्पाच्या बाबतीत आणखी एक खूण आहे आणि ती मला भाषेपेक्षा अधिक मोलाची वाटते. घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक देणे विकसकावर बंधनकारक आहे. महारेराने, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, ऑगस्ट २०२३ पासून त्यात क्यूआर कोडचीही भर घातली. बातमीवर असे कोणतेही बंधन नाही. त्यामुळे जो मजकूर जाहिरात म्हणून छापताना क्रमांक द्यावा लागला असता, तोच बातमीच्या रूपात आला की वाचकाच्या हातून पडताळणीचे साधन निसटते. आपल्याकडील कात्रणात नोंदणी क्रमांक नसेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे नाव टाकून पाहावे. पूर्ण होण्याची जाहीर केलेली तारीख, विकल्या गेलेल्या सदनिका आणि चालू असलेले दावे तेथे दिसतात. बातमीतील ‘बहुसंख्य’ आणि तेथील आकडा शेजारी ठेवले की फारसा वाद उरत नाही. खासगी रुग्णालयांच्या बातम्यांनाही हाच निकष लावावा. डॉक्टरांना जाहिरात करून रुग्ण मिळवण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मनाई केली आहे. म्हणूनच ‘जिल्ह्यात प्रथमच यशस्वी शस्त्रक्रिया’ अशा बातमीखाली डॉक्टरांचे छायाचित्र आणि रुग्णालयाचा पत्ता असेल, तर जे जाहिरातीतून सांगता येत नव्हते तेच येथे सांगितले आहे का, हे पाहावे.

आपल्या राज्यात या विषयाची सर्वांत मोठी चर्चा २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर झाली. मतदान १३ ऑक्टोबरला होते. त्याआधीच्या काही दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरील एकच लेख परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला होता, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिले. गौरवपर पुरवण्यांची पानेच्या पाने निघाली होती आणि चव्हाण यांच्या निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर दाखवलेली रक्कम ५,३७९ रुपये होती. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये या हिशेबावर बोट ठेवणारा आदेश देऊन नोटीस काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगाचा आदेश रद्द केला. न्यायालयीन निकाल असा लागला असला, तरी वाचक म्हणून आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या लेखांचा संशय त्यांतल्या स्तुतीमुळे पक्का झाला नाही. स्तुती तर निवडणुकीच्या दिवसांत सगळीकडेच असते. दोन स्वतंत्र वार्ताहर एकाच विषयावर लिहितात तेव्हा वाक्ये तंतोतंत जुळत नाहीत, ती येथे जुळली. म्हणून मी नेहमी सांगतो की संशयित बातमीतील एक सलग, जरा विचित्र वाटणारे वाक्य घ्यावे आणि ते इंटरनेटवर अवतरणचिन्हांत शोधावे.

मात्र मजकूर जुळला म्हणजे पैसे दिले-घेतले गेले असे लगेच म्हणू नये, ही काळजी मी फार आग्रहाने घेण्यास सांगेन. शासकीय योजनेची बातमी पाच दैनिकांत सारखी असेल, तर ती बहुधा माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची प्रेस नोट असते आणि ‘महासंवाद’वर ती तशीच सापडते. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो, अनेक ठिकाणी जाहिराती आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते आणि रात्री डेस्कला पान सोडायची घाई असते. अशा वेळी आलेली प्रेस नोट जशीच्या तशी लागते. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’ची जी व्याख्या केली, तिच्यात रोख किंवा वस्तुरूप मोबदला हा गाभा आहे. तो मोबदला कात्रणावरून सिद्ध होत नाही. कात्रणावरून एवढेच दाखवता येते की बातमी एकतर्फी आहे, अपडताळित आहे किंवा जाहिरात असूनही तसे नमूद केलेले नाही. वाचकाने तेवढेच म्हणावे, पण ठामपणे म्हणावे.

ज्या कलामागे पैसा नसतो, तो ओळखणे याहून अवघड असते. तेथे क्रियापदांकडे लक्ष द्यावे. एका बाजूचा नेता ‘स्पष्ट करतो’ आणि ‘निदर्शनास आणून देतो’, दुसऱ्या बाजूचा मात्र ‘दावा करतो’ आणि ‘आगपाखड करतो’, असे एकाच बातमीत दिसले, तर बातमीदाराने न्याय आधीच दिलेला असतो. दुसरी जागा ‘करण्यात आले’ या रचनेची. ‘आंदोलकांवर सौम्य लाठीमार करण्यात आला’ या वाक्यात लाठी कोणी चालवली, आदेश कोणी दिला आणि लाठीमार सौम्य होता हे कोण म्हणते, या तिन्ही गोष्टी नाहीत. तेच ‘आंदोलकांनी दगडफेक केली’ असे लिहिताना कर्ता आवर्जून दिलेला असतो. मी डेस्कवर असताना नवीन सहकाऱ्यांना अशा वाक्यांतील कर्ता शोधून आणायला सांगत असे आणि तो सापडला नाही तर वाक्य थांबवत असे.

आपल्या कात्रणाबाबत आता पुढे काय करावे, तर प्रथम संपादकांना पत्र लिहावे. त्यात बातमीचा दिनांक, आवृत्ती आणि पान द्यावे, महारेराच्या संकेतस्थळावरील नोंदीची प्रत जोडावी आणि हा मजकूर जाहिरात आहे की बातमी, एवढे एकच विचारावे. उत्तर मिळाले नाही किंवा समाधानकारक नसेल, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकासाठी ही मुदत प्रकाशनापासून दोन महिन्यांची आहे, आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार तक्रारीसोबत जोडावा लागतो. कौन्सिलला दंड करण्याचा अधिकार नाही, ती ताशेरे ओढू शकते. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा आधी तारीख तपासून पाहा, कारण तुमचे कात्रण मागच्या महिन्यातले असेल तर पत्र याच आठवड्यात जायला हवे.